डायनमो गेला

माझ्या नवऱ्याला त्यांच्या स्वतःच्या गाडीपासून लांब ठेवायचं म्हणून मी अंगणात फक्कीची रेषा ओढली होती. शाळेत कबड्डीचं मैदान आखतो ना, तीच पांढरी फक्की, ओंजळभर घरी आणलेली. बाजूच्या मावशी कुंपणावरून वाकून म्हणाल्या, मास्तरीणबाई, लक्ष्मणरेखा ओढून राहिली का? मी म्हटलं, मावशी, आपल्या घरी कुठला आला लक्ष्मण, ही मास्तरणीची रेषा आहे, ओलांडेल त्याला छडी. मावशी हसल्या, ह्यांचा ट्रॅक्टरवाला मित्र हसला. हे नाही हसले. कपडे वाळवायच्या खांबाजवळ, रेषेच्या पलीकडे जाऊन उभे राहिले, आणि स्वतःची गाडी परक्यासारखी दुरून पाहू लागले.

आमचं घर आंधळगावात, वस्तीच्या पार टोकाला. अंगण ऐसपैस, म्हणून गाडी आतच उभी राहायची. पांढरी पिकअप. धान निघालं की धानाचे कट्टे, म्हणजे पोती, एरवी तुमसरच्या बाजारात वांगी-टमाटे, कधी विणकरांच्या घरचे कापडाचे गठ्ठे. हे दहावी शिकलेले, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. लग्नात लोक कुजबुजले होते, नाकापेक्षा मोती जड होईल म्हणून. ह्यांनी ते असं काही झटकलं की मलाच चारचौघांत ‘मॅडम’ म्हणू लागले, आणि ते जे तोंडात बसलं ते बसलं. माझी जीभ तिखट आहे, मला मान्य आहे. पण त्या तिखटाला पुरून उरणारा एकच माणूस मला जन्मात भेटला, तो हा.

उन्हाळा सरता सरता तुमसरच्या बाजारात कट्टे उतरवताना हे उभ्या उभ्या खाली आले. उन्हाची चक्कर असेल म्हणून लोकांनी तोंडावर पाणी मारलं, कांदा हुंगवला, घरी आणून सोडलं. पण काही दिवसांनी पुन्हा तेच झालं, ह्या खेपेला घरात, जेवता जेवता. हातातला घास हातात राहिला. नागपूरला नेलं. डॉक्टर म्हणाले, हृदयाचे ठोके मधेच मंदावतात, मशीन बसवावी लागेल. गळ्याच्या हाडाखाली, डाव्या अंगाला, काडेपेटीएवढी मशीन बसवली. गावात परत आलो तर जो तो भेटायला येऊन एकच विनोद करायचा, की आता दादालेच बॅटरी लागली. पहिल्याला मी चहा दिला. पुढच्याला म्हटलं, भाऊ, हे सकाळपासून अर्ध्या गावानं बोलून झालं, तू काहीतरी नवीन आण. इथं माझी झोप उडालेली आणि लोकांना विनोद सुचतो.

दवाखान्यातून निघताना डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या होत्या. चालू इंजिनवर वाकायचं नाही, डायनमोजवळ छाती न्यायची नाही, त्यानं आतली मशीन गडबडू शकते. आणि मी सांगेपर्यंत गाडी चालवायची नाही. माणसं भरलेली गाडी तर नाहीच नाही. पहिली गोष्ट ह्यांनी शहाण्या पोरासारखी ऐकली. दुसरी ह्या कानानं ऐकली आणि त्या कानानं सोडून दिली. घरी मी सारखी विचारायची, डॉक्टर काय म्हणाले ते आठवते ना? तर म्हणायचे, आठवते ना, इंजिनवर वाकाचं नाही. पुढचं काही नाहीच.

ह्यांच्या डोक्यात काय शिजत होतं ते मला कळत होतं. दसरा जवळ येत होता. दसऱ्याला आमच्या वस्तीतली माणसं दीक्षाभूमीला जातात, आणि जातात ती आमच्याच गाडीनं. गाडी घरी आली त्या वर्षापासून एकही दसरा चुकला नव्हता. मागच्या डाल्यात, म्हणजे माल ठेवायच्या हौद्यात, सतरंज्या अंथरायच्या. म्हाताऱ्या माणसांनी कॅबिनला पाठ टेकून बसायचं, लेकुरवाळ्यांनी मधे, पोरासोरांनी कडेला. पांढरी लुगडी, पांढरे सदरे, फडक्यात बांधलेल्या पोळ्या आणि ठेचा. भाडं कोणाकडून घ्यायचं नाही, हा ह्यांचा नियम. ह्यांचे वडील पहिल्या खेपेला, म्हणजे दीक्षेच्याच वर्षी, वस्तीतली माणसं बैलगाडीत घालून भंडाऱ्यापर्यंत घेऊन गेले होते, तिथून रेल्वेनं नागपूर. हे म्हणायचे, बापानं बैलगाडी हाकली, मले तर डिझेलची गाडी हाये. मालाच्या गाडीत माणसं बसवू नयेत हा कायदा मला माहीत आहे, मला कोणी शिकवू नका. पण त्या दिवशी त्या रस्त्यावर येऊन बघा, आणि मग बोला.

मला मात्र डोळा मिटला की एकच चित्र दिसायचं. मौद्याच्या पुढे मोठ्या रस्त्यावर ह्यांचं डोकं स्टेअरिंगवर पडलं आहे, आणि मागे डाल्यात आमची अख्खी वस्ती. मावशी, त्यांची सून, सुनेच्या कडेवरचं लेकरू, सगळे. मी सरळ सांगितलं, ह्या वर्षी दुसऱ्या कोणाला चालवू द्या. ट्रॅक्टरवाला मित्र जिवाला जीव देणारा, पण तो बांधावरचा वाघ. नागपूरचं नाव काढलं की त्याला घाम फुटतो. मग तुमसरहून एखादा ड्रायव्हर आणू, मी म्हटलं. हे कधी माझ्यावर ओरडले नव्हते. तेव्हाही ओरडले नाहीत. हळूच म्हणाले, “माझी गाडी दुसऱ्याच्या हाती द्याची असंन, तर मग मले कायले वाचवलं?”

त्यानंतर मी ड्रायव्हरचं नाव काढलं नाही.

मग एका सकाळी ह्यांनी खिळ्यावरची किल्ली काढली, गाडीत बसले आणि सेल मारली. गाडी टक् टक् करून गप्प. पुन्हा मारली, पुन्हा टक् टक्. खोटं कशाला बोलू, मला इतका आनंद झाला की विचारू नका. आमचा देवाबिवावर विश्वास नाही, नाहीतर मी त्याच पावली नारळ फोडला असता. मला वाटलं, चला, सुटलो. जे मला जमलं नाही ते गाडीनंच केलं.

पण ते इतकं सोपं थोडीच होतं! बॅटरी का बसली ते ह्यांनी अर्ध्या दिवसात शोधून काढलं, आणि ते ऐकून हसावं की रडावं कळेना. हे दवाखान्यात असताना अख्ख्या वस्तीला ह्यांच्या गाडीची काळजी लागली होती. मी कधी नागपूरला, कधी शाळेत. किल्ली दारामागच्या खिळ्यावर, दार नुसतं ओढलेलं. सकाळी ट्रॅक्टरवाला मित्र यायचा, गाडी सुरू करायचा, मिनिटभर घुरघुर ऐकून बंद करायचा. दुपारी मावशींचा मुलगा तेच करायचा. संध्याकाळी आणखी कोणी. जो तो समजत होता की दादाची गाडी आपणच जिवंत ठेवून राहिलो, आणि एकमेकांना ताकास तूर लागू देत नव्हते. ह्यांनी कपाळाला हात लावला. मला म्हणाले, सेल मारते तेव्हा बॅटरीतून घागर उपसावी तसं गुंडभर पाणी जाते, अन् मिनिटभर इंजिन चालून वाटीभर परत येते. मी दवाखान्यात होतो तेवढे दिवस सगळ्यायनं मिळून गुंड गुंड उपसलं. वस्तीच्या मायेनंच बॅटरीचा जीव घेतला होता. रागवायचं तरी कोणावर?

नवीन बॅटरी घेऊ म्हणाले असते तर मी निदान भांडले असते. पण हे म्हणाले, आधी तपासू. बॅटरी खरंच मेली की नुसती उपाशी आहे, आणि डायनमो तिला खाऊ घालतो की नाही, हे घरीच पाहू. व्होल्ट मोजायचं मीटर घरात होतंच. पण इंजिन चालू असताना वाकायचं नाही, आणि स्टेअरिंगवर मी बसू देणार नाही. एकदा त्या सीटवर बसले की हे थेट फाटकाबाहेर निघतील, ह्याची मला खात्री होती. तेव्हा ठरलं असं, की सीटवर ट्रॅक्टरवाला मित्र, मीटर माझ्या हातात, आणि हे मी आखलेल्या त्या फक्कीच्या रेषेच्या पलीकडून सांगणार. मित्राला चष्म्याशिवाय आकडे दिसत नाहीत आणि चष्मा त्यानं कधी केला नाही, म्हणून वाचायचं काम मास्तरणीकडे आलं.

पहिल्या दिवशी मीटरनं अकरा पॉइंट आठ दाखवलं. हे म्हणाले, उपाशी हाये. मग लांबूनच एकेक सांगत गेले. आधी वजाची वायर काढ, अधिकची मागून. उलटं केलं अन् पाना कुठं टेकला तर ठिणगी उडेल. टोकांवर हिरवट-पांढरी बुरशी धरली होती. गरम पाण्यात खाण्याचा सोडा टाकून ती मी जुन्या ब्रशनं घासली. माझे हात चिरचिरले, हे रेषेपाशी येरझारा घालत होते. तिकडून घास, खालून घास, नुसतं वरून गोंजारू नको. मी म्हटलं, शाळेत इन्स्पेक्शनला साहेब येतात ते बरे. मित्र सीटवरून खो खो हसला. बॅटरी चार्जिंगच्या दुकानात नेऊन ठेवली. त्या दिवशी हे पोटभर जेवले. कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले, आणि मी समोर बसून पाहत राहिले. मला बरंही वाटत होतं आणि आतून रडूही येत होतं.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, बॅटरी परत आली आणि वस्तीही आली. कुंपणाला टेकून बायका, दगडावर म्हातारे, पोट्टे तर गाडीच्या भोवतीच. मावशींनी तर पोळ्यांचं पीठही दळून आणलं होतं. सगळ्यांना एकच विचारायचं होतं: गाडी निघते का? आणि ते मलाच विचारत होते, कारण मीटर माझ्या हातात होतं.

ह्यांनी सांगितल्याप्रमाणे आधी थोडा वेळ हेडलाइट लावून बंद केले. चार्जिंगहून आलेली बॅटरी वरवर फुगीर आकडा दाखवते, तो फुगा उतरवायचा असतो म्हणे. मग लाल काडी अधिकला, काळी वजाला. मी मोठ्यानं वाचलं, बारा पॉइंट सहा. हे म्हणाले, पोट भरलं. मित्रानं सेल मारली. त्या क्षणी आकडा खाली येतो, किती खाली येतो ते पाहायचं असतं. फारच पडला तर बॅटरी गेली समजायचं. पडला, पण दहा पॉइंट चारवर थांबला, आणि गाडीनं एका झटक्यात आवाज दिला. पोट्ट्यांनी टाळ्या वाजवल्या. इंजिन सुरू झाल्यावर आकडा चढत गेला. चौदा पॉइंट दोन. म्हणजे डायनमोही बॅटरीला खाऊ घालत होता. मी प्रत्येक आकडा वर्गात वाचावा तसा स्पष्ट वाचत होते, आणि प्रत्येक चांगल्या आकड्याबरोबर मला मौद्याचा तो रस्ता जवळ येताना दिसत होता. समोर हे दर आकड्याला ताठ होत चालले होते. आमच्या लग्नाच्या वेळचा माणूस परत येऊन उभा राहिला होता. मला त्या मीटरचा इतका राग आला की वाटलं, विहिरीत फेकून द्यावं.

एकच तपासणी राहिली होती. सगळा भार एकदम टाकायचा. हेडलाइट, पंखा, वायपर, सगळं चालू, मित्रानं थोडी रेस द्यायची, आणि तरीही आकडा साडेतेराच्या खाली गेला नाही तर गाडी नागपूरच काय, मुंबईलाही जाते. हे म्हणाले, टाक बे सगळं. मित्रानं टाकलं. मी मीटरवर नजर लावली. तेरा पॉइंट नऊ. जागचं हलेना.

मी सांगायला मान वर केली.

ह्यांनी दोन्ही हातांनी कपडे वाळवायचा खांब धरला होता. चेहरा राखेसारखा. ओठ पांढरे. डोळे उघडे होते, पण ते मला पाहत नव्हते. वस्तीतला एकूण एक माणूस गाडीकडे बघत होता, बोनेटखाली बघत होता, माझ्या हातातल्या मीटरकडे बघत होता. ह्यांच्याकडे कोणी बघत नव्हतं. मी पाऊल टाकणार तेवढ्यात त्यांनी मान हलवली, नको. मग एक श्वास घेतला, दुसरा घेतला. खांब सोडला. शर्टाची बाही सरळ केली. आणि साऱ्या वस्तीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “डायनमो गेला.”

मित्र कॅबिनमधून म्हणाला, गेला कसा, बॅटरीचा लाल लाइट तर विझला हाये. हे म्हणाले, लाइटचं काय घेऊन बसला, लोडवर टिकत नाही तो, मीटरले विचार. आणि मग माझ्याकडे बघून म्हणाले, “सांग वो मॅडम, किती हाये?”

माझ्याकडे असं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. मागत होते. भीक मागावी तसं मागत होते. मी मीटरकडे पाहिलं, तिथे तेरा पॉइंट नऊ होतंच. मी म्हटलं, “बारा. अजून उतरून राहिलं.”

बंद कर, हे म्हणाले. इंजिन बंद झालं. सणासुदीचे दिवस, दुकानं बंद, डायनमो भंडाऱ्याला नेल्याशिवाय दुरुस्त व्हायचा नाही, हे ह्यांनीच सगळ्यांना समजावून सांगितलं, आणि समजावता समजावता मुलांच्या डोक्यावरून हात फिरवला. लोक हळूहळू पांगले. मला वाटलं होतं माझा जीव भांड्यात पडेल. माझ्याच मनासारखं झालं होतं की नाही? पण घरात जाऊन मी चुलीसमोर बसले आणि पदर तोंडात कोंबून रडले. हे आत आले नाहीत.

दसऱ्याला लोक मिळेल त्या गाडीनं गेले. कोणी एसटीनं भंडारा गाठला, कोणी दुसऱ्या वस्तीच्या जीपमध्ये कोंबून घेतलं. म्हाताऱ्यांना कुठं जागा मिळाली नाही. मावशी मागेच राहिल्या. त्यांनी दळलेल्या पिठाच्या पोळ्या करून आमच्याकडे पाठवल्या, मला त्या गिळवेनात. आम्ही दोघं सकाळी विहारात गेलो, वंदना घेतली, परत आलो. मी म्हटलं, आपण तरी एसटीनं जाऊ, मी येते सोबत. ह्यांनी नाही म्हटलं. वस्तीले टाकून मी एकटा जाऊ काय, म्हणाले. मग कॅबिनमध्ये जाऊन बसले, ड्रायव्हरच्या बाजूच्या सीटवर. दरवाजा लावून घेतला. दुपारी चहा नेला आणि टपरीवरचा पोऱ्या देतो तसा काचेतून दिला. त्यांनी घेतला. कोणी कोणाला त्या खांबाबद्दल विचारलं नाही. विचारायचं काय होतं त्यात?

पुढच्या आठवड्यात नागपूरला नेलं. डॉक्टरांनी मशीन तपासली, थोडी वरखाली केली, गोळ्या बदलल्या. मी ह्यांच्यासमोर सगळं सांगून टाकलं. डॉक्टर म्हणाले, चक्कर मशीननं पूर्ण थांबेलच असं नाही, आता गाडी विसरा काका. काका! जेमतेम पन्नाशी ओलांडलेला माझा माणूस. बसमध्ये हे खिडकीशी बसले. येणारी-जाणारी प्रत्येक पिकअप मान वळवून पाहत होते. मोहाडी यायच्या आत म्हणाले, गाडी इकू.

गिऱ्हाईक बपेऱ्याकडचं आलं. तरणा माणूस, स्वतःचा मिस्त्री सोबत घेऊन. गाडी जाते म्हणून वस्ती पुन्हा अंगणात गोळा झाली. ज्या गाडीत बसून एवढे दसरे पाहिले, ती जाताना कोण घरात बसेल? मी व्हरांड्यात उभी होते. हे पायरीवर बसले होते. डायनमो खराब आहे, हे ह्यांनी फोनवर आधीच सांगितलं होतं. सांगायलाच हवं होतं, सगळ्या गावाला तेच माहीत होतं.

मिस्त्रीनं बोनेट उघडलं, स्वतःचं मीटर लावलं, सेल मारायला लावली. मग लाइट लावले, पंखा लावला, रेस द्यायला लावली. पुन्हा पुन्हा बघितलं. मग डोकं वर काढून म्हणाला, “डायनमो तर एकदम खटाखट हाये, दादा. कोण म्हणलं गेला म्हणून?”

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. बारा म्हणणारी मीच होते.

मावशी पुढे आल्या. त्यांचं वय झालं आहे, गुडघे धरले आहेत, एसटीची पायरी चढवत नाही. मला कधी लेकीपेक्षा कमी मानलं नाही त्यांनी. त्या म्हणाल्या, म्हणजे तुले आकडा वाचता आला नाही, बाई? अन् त्याच्यापायी माझा दसरा गेला? पुढचा दसरा मी पाहतो का नाही, कोणाले माहीत. त्या रागानं नाही बोलल्या, तेच जास्त लागलं. मागून कोणीतरी हसून म्हणालं, शाळेत पोट्ट्यायले काय शिकवते मग ही! 

आजवर मी कोणाचं एक ऐकून घेतलं नव्हतं. एकाला दोन सुनावणारी बाई मी. पण मी पायरीवर पाठमोऱ्या बसलेल्या ह्यांच्या मानेकडे पाहिलं आणि म्हटलं, हो मावशी, चुकलं माझं. त्या मीटरचं मला काही कळत नाही. माझ्याच्यानं वाचल्या गेलं नाही.

हे उठले. कठड्याला धरून उठले, आणि वस्तीकडे तोंड करून उभे राहिले.

“तिनं बरोबर वाचलं होतं,” ते म्हणाले. “मीच तिले खोटं बोलाले लावलं. गाडी चांगली होती, मावशी. मले चक्कर आली होती.”

ट्रॅक्टरवाल्या मित्रानं तोंड फिरवलं. मावशी होत्या तिथेच खाली बसल्या आणि त्यांनी डोळ्याला पदर लावला. मला वाटलं, ह्या माणसानं एवढं झाकून ठेवलं होतं, आणि माझ्यासाठी सगळ्यांसमोर उघडं करून टाकलं. कायले केलं हो असं, मला ओरडून विचारायचं होतं. बपेऱ्याच्या माणसाला बिचाऱ्याला काही उमगत नव्हतं. त्यानं किल्लीसाठी हात पुढे केला. ह्यांनी किल्ली त्याच्या तळहातावर ठेवली, आणि सांगू लागले, की थंडीत सकाळी घाई नको करू, हीटरचा लाइट विझू दे अन् मग सेल मार, ऐकते ती, एका सेलमध्ये ऐकते. एवढं सांगता सांगता त्यांना रडू फुटलं. मी पायरी उतरले आणि त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले.